माळावरची खुंटी

३० डिसेंबर २०२४, सोमवार. येळवस.

ही डायरी पंचवीस सालाची आहे, पण पुढं दोन कोरी पानं सापडली, म्हणून आजच सुरू करते. गावच्या पवनऊर्जा संस्थेनं सगळ्या सभासदांना एकेक दिली. शेजारच्या गोजाबाईनं तिची नातवाला चित्रं काढायला दिली. मी म्हटलं, मी लिहिणार. मी चौथीपर्यंत शिकलेय, त्यात तिसरी दोनदा, म्हणजे पाच वर्षं झाली की.

नात काव्या बारावीला आहे. ती म्हणाली, "अज्जी, डायरी कुनाला दाखवायची नसती." मग लिहायची कशाला? तर म्हणे, स्वतःशी बोलायला. ते मी चुलीपुढं दिवसभर करतेच. आता हातात पेन, एवढाच फरक.

तर आज येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या, सगळं गाव शेतात जेवायला. आमचं शेत माळाच्या टोकाला, गावात सगळ्यात उंच. तिथंच आमच्या मालकांची गद्दुगी आहे. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात आणि वर ओटा बांधतात. मालक तिथं बसले त्याला सोळा वर्षं होऊन गेली. दर सोमवारी मी पाण्याचा तांब्या नि विभूती घेऊन जाते आणि आठवड्याच्या बातम्या सांगते. जिवंत होते तेव्हा अर्ध्यातून उठून जायचे. आता पूर्ण ऐकतात.

जेवण लई झकास. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, शेंगापोळी. शालनलाही बोलावलं होतं. शालन आमच्या संस्थेची अध्यक्ष, बुद्धविहाराच्या गल्लीतली, अंगणवाडीत शिकवते. मागं एक कंपनी आली होती, माळ भाड्यानं द्या, पवनचक्क्या आम्ही उभारतो म्हणत. तेव्हा हीच उठून म्हणाली, "वारं आपलं, माळ आपला, मग पंखा परक्याचा कशाला?" सगळे हसले. आणि आता बघा, घरटी वाटा गोळा झाला, सरकारी योजना आली, बँक आली. वर्षभर माळावर वारा मोजायचा खांब उभा होता, टोकाला वाट्या गरगर फिरायच्या. आता दोन पंखे होणार. एक गायरानात. दुसऱ्याची जागा अजून बघताहेत, असं माझा लेक बसू म्हणतो. दुसऱ्याला उंच जागाच पाहिजे म्हणे, खाली घळीत वारा निम्माच लागतो. तो दुसरा नीट फिरला तर त्याच्या जिवावर नळाची मोटार रोज चालणार. आज नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तेही करंगळीएवढं.

शालनबरोबर सोलापूरचा इंजिनिअर सुमित आला होता. बारीक पोरगं, पण उंडे हाणले चांगले. जेवल्यावर त्यानं गद्दुगीला लागूनच एक लोखंडी खुंटी ठोकली आणि तिला लाल फीत बांधली.

मी म्हटलं, "हे काय रे बाळा?"

तो बसूकडं बघायला लागला. बसू शालनकडं. शालन आंबिलीच्या गाडग्यात.

शेवटी बसू म्हणाला, "अव्वा, खूण हाय. जागेची."

"आप्पांच्या जागेची?"

"व्हय... तीच जागा की."

मला भरूनच आलं. परक्या गावचं पोरगं, पण माणसाची खूण ठेवावी हे त्याला सुचलं. मी लगेच खुंटीला विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं, हात जोडले. सुमितला ठसका लागला. त्याला पाणी दिलं.

४ जानेवारी, शनिवार

माझ्यासारखी भाग्याची म्हातारी या तालुक्यात नसेल. आज सण नाही, वार नाही आणि सुनेनं होळगी केली. होळगी म्हणजे पुरणपोळीच, पण आमच्यासारखी पातळ पुण्याकडं जमत नाही. धनलक्ष्मी सून म्हणून चांगली आहे, पण पुरण वाटायचं म्हटलं की तिचं मनगट दुखतं. आज आपण होऊन वाटलं. वर म्हणाली, "अत्ती, तूप अजून घ्या की."

बसूनं सोलापूरहून चादर आणली, मोरांची. चादर पांघरून बघितली, भर दुपारी. संध्याकाळी तो माझ्या पायाशी बसला आणि पाय चेपायला लागला. लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदा.

"अव्वा, आप्पांची आठवन येती का गं?"

"येती की. तुला?"

"मला बी." दोनदा तोच पाय चेपला. "आप्पा असते तर काय म्हनाले असते गं, पंख्याला?"

"म्हनाले असते, बसू, जेवायला वाढ म्हनावं तुझ्या आईला."

तो हसला, पण हसणं काही पूर्ण झालं नाही. उठून गोठ्यात गेला. पोराला बाप आठवला की असंच होतं.

१६ जानेवारी, गुरुवार

संक्रांत झाली. बसूनं मला गड्ड्याच्या यात्रेला नेलं, सोलापूरला. नंदीध्वजाच्या उंच काठ्या बघितल्या. एक एक माणूस कमरेच्या पट्ट्यात ती काठी तोलून चालतो, घाम डोळ्यात गेला तरी हात सोडत नाही. बसू म्हणाला, "पंखा ह्याच्या कितीतरी पट उंच, अव्वा." मी म्हटलं, मग तो कुणाच्या कमरेला बांधणार? तर म्हणे, "जमिनीत लई खोल धरायला लागतं. आडाएवढा खड्डा काढावा लागतो." असं म्हणून त्यानं मला पेढे घेऊन दिले. मी पेढे मागितले नव्हते.

शालन या महिन्यात तीनदा घरी आली. अध्यक्ष बाई, एवढी कामं, पण माझ्याशी गप्पा मारायला येते. पहिल्यांदा शेंगाचटणी-भाकरी खाल्ली, दुसऱ्यांदा खवा, आज तिळगूळ आणि वर डाळकांदा. दर वेळी "मावशी, एक बोलायचं हुतं" म्हणून सुरू करते आणि मग अंगणवाडीच्या पोरांचं सांगत बसते. आज दारापर्यंत जाऊन परत आली. म्हणाली, "मावशी, तुमी लई चांगल्या हाव." आणि गेली. एवढं सांगायला कोण परत येतं?

३ फेब्रुवारी, सोमवार

गायरानातल्या पंख्याची पहिली कुदळ आज पडली. नारळ फोडायला सभापती आले होते, पण शालन म्हणाली, गावातल्या थोर बाईच्या हातानं फुटू दे. मला पुढं केलं. नारळाचे तीन तुकडे झाले, एक सभापतींच्या बुटावर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग माळावर गेले. मालकांना सगळं सांगितलं. खुंटीजवळ आज दुसऱ्या कुणाचा तरी नारळ दिसला. चौकशी केली तर गोजाबाईचा. तिची म्हैस आठ दिवस दूध देत नव्हती, तिनं जाता जाता खुंटीवर विभूती-बेल बघितला, हात जोडून नवस बोलली आणि संध्याकाळी म्हैस पान्हावली. मी म्हटलं, अगं, हे आमचे मालक आहेत. ती म्हणाली, "असू दे की गौरम्मा, देवमानूस हुते ते." मालकांना म्हशीचं दूध कधी काढता आलं नाही, पण हे तिला सांगितलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

काय लिहू आणि किती लिहू. आज माळावर रांग होती! मैंदर्गीहून दोन बाया रिक्षा करून आल्या. कुणीतरी चार पत्रे उभे करून खुंटीला सावली केली. कुणी लाल फितीवर झेंडूचा हार घातला. मूळ फीत दिसतच नाही आता.

दुपारी सुमित आला, जमीन मोजायची तिपाई घेऊन. मांडवासमोर नुसता उभा राहिला.

"आजी, ही गर्दी कशाची?"

"तुझ्याच खुंटीची, बाळा. पुण्य तुला लागनार सगळं."

"अहो आजी, पण ही खुंटी..."

"आधी चप्पल काढ."

त्यानं चप्पल काढली. एका म्हातारीनं त्याच्या कपाळाला विभूती फासली, हातावर खोबरं ठेवलं. मग तो लांब बांधावर जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलत बसला. एक हात सारखा डोक्याला. उन्हाचा त्रास होतो शहरातल्या पोरांना. मी त्याला ताक पाठवलं.

११ मार्च, मंगळवार

परवा ग्रामसभा झाली. दुसऱ्या पंख्याचं काही ठरलं म्हणे. मी गेले नाही, गुडघा दुखत होता. बसूला विचारलं तर म्हणाला, "ठरलं अव्वा, खाली घळीत करायचा." मी म्हटलं, तिथं तर निम्माच वारा? तर म्हणे, "लागंल तेवढा लागंल." आणि पाण्याचं? "बघू." बघू म्हणताना मालकही असेच जमिनीकडं बघायचे.

आज सकाळी एक गंमत झाली. बसू, सुमित आणि संस्थेची चार माणसं पहार नि कुदळ घेऊन माळाकडं चालली होती. मी सोप्यातूनच बघत होते, आमच्या सोप्यातून माळ सरळ दिसतो. वर गेली, मांडवापाशी थांबली. एकेकानं चपला काढल्या. मग सगळी गोल उभी. पहार या हातातून त्या हातात. शेवटी पहार खाली ठेवून सहाही जणांनी हात जोडले आणि परत आली.

मी चहा ठेवला होता. म्हटलं, दर्शन झालं का? सुमित म्हणाला, "झालं आजी." मी म्हटलं, मग पहार कशाला नेली होती? त्यातल्या एकानं सांगितलं, "वाटंत साप-बिप असतो, मावशी."

सापाला पहार! पण काही असो, गावातली बापयमाणसं एकत्र मिळून दर्शनाला जातात, हे मी या जन्मी पहिल्यांदा बघितलं.

३० मार्च, रविवार. पाडवा

लिहू का नको, असं चाललंय. पण डायरी स्वतःशी बोलायची असते.

सकाळी गुढी झाली. मी काव्याला म्हटलं, इकडं बस, सुमितला फोनवर एक लिहून पाठव. खुंटीला पत्र्याचा मांडव शोभत नाही, तुमच्या पंख्याच्या सिमेंटातलं चार पाट्या सिमेंट द्या, एवढंसं देऊळ बांधू. काव्या हसायला लागली. मी म्हटलं हसतीस काय? तर हसता हसता रडायलाच लागली.

"अज्जी, ती खुंटी देवाची न्हाय गं. पंख्याची हाय. दुसरा पंखा तितंच हुनार हुता. आज्जोबांच्या गद्दुगीवर."

धनलक्ष्मीच्या हातातलं लाटणं थांबलं. बसू कडुलिंबाच्या झाडाखाली उभा होता, तिथंच उभा राहिला.

मी विचारलं, "बसू, व्हय का?"

"व्हय, अव्वा."

"मग येळवशीला सांगितलं का न्हाईस?"

"तोंड उघडलं हुतं. तवर तू इभूती लावलीस."

मग एकेक आठवायला लागलं. "म्हंजे ती होळगी? ती चादर? पाय चेपलेस ते? गड्ड्याला नेलंस ते?"

बसूची मान खाली. सुनेनं मात्र तोंड उघडलं. "अत्ती, पैली होळगी त्याच्यासाठी केली हुती, खोटं कशाला बोलू. पन त्याच्या पुढच्या न्हाईत. तुमी गोड मानून खाल्ल्या म्हनून केल्या."

मी उठून आत गेले. पाडव्याचं जेवण मला लागलं नाही.

१ एप्रिल, मंगळवार

मोरांची चादर घडी करून ट्रंकेवर ठेवली. जुनं पटकूर घेतलं. काल सोमवार होता, तरी माळावर गेले नाही. त्यांना काय सांगणार.

४ एप्रिल, शुक्रवार

शालन आली. आज "एक बोलायचं हुतं" म्हणाली नाही, सरळ खाली बसली. मी काही खायला पुढं केलं नाही. ते तिच्या ध्यानात आलं.

"बरं झालं मावशी, आज खायाला न्हाय दिलं. दर बारीला इचारायला यायची, तुमी ताट वाढायचा. तुमचं खाऊन तुमच्या मालकाला उठवा म्हनू कशी?"

"आता म्हन की. आता ताट न्हाय."

"आता इचारायचंच न्हाय. सभेत ठरलं तसं. मीच उठून म्हनले, कुनाला मावशीला इचारायला जायचं असंल त्यानं हात वर करा. एक हात वर आला न्हाय. बसूचा बी न्हाय. मग म्हनले पंखा खाली घळीत न्या. फिरंल तेवढा फिरंल."

"आनि पानी?"

"आठाचं चार दिवसाला येईल. काय मरत न्हाय आपन."

मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. अंगणवाडीतली पोरं करतात तसंच.

"एकच काम हाय, मावशी. खाली नवी खुंटी मारायची तर ती जुनी काढायला लागती. सगळी मापं तिच्यावरनं हायेत, ती हाय तवर नकाशात पंखा वरच. आनि तिला हात लावायला गावात कुनी तयार न्हाय. सहा जन गेले, सहा जन पाया पडून आले. सुमित म्हनतो, मॅडम, तुम्ही काढा. मी म्हनले, मी बाबासाहेबांची लेक, मी देव-बिव मानत न्हाय, काढते. गेले. पहार लावली. आनि मला तुमीच दिसायला लागला, विभूती लावताना. तशीच आले परत." तिनं हात जोडले. "तेवढी एक खुंटी काढायची परवानगी द्या. बाकी आमाला काय नको."

मला आतून हसू यायला लागलं. आवरायला बघितलं, आवरेना. एवढी बँक आणली, योजना आणली, सभापतींना मागं सारलं, आणि एका वीतभर खुंटीपुढं सगळं गाव अडलं. ते माझ्या एका चिमूटभर विभूतीमुळं! शालन आधी बघत राहिली, मग तीही हसली. दोघी पदरानं डोळे पुसत बसलो. मग मी चटणी-भाकरी वाढली.

जाताना म्हणाली, "मग काढू का खुंटी?"

मी म्हटलं, "थांब दोन दिवस. घाई करू नगंस."

७ एप्रिल, सोमवार

आज माळावर गेले. मांडवात कुणी नव्हतं. ओट्याला टेकून बसले. वारं असं की पदर डोक्यावर ठरेना. खाली गायरानात पहिल्या पंख्याचा पाया भरलाय, मोठ्या परातीसारखा दिसतो. विहिरीपाशी बाया घागरी घेऊन बसल्या होत्या. गोजाबाईची सून ओळखू आली, पोटुशी आहे, सातवा लागलाय, तरी डोक्यावर दोन घागरी.

मालकांना सगळं खरं सांगितलं. मग विचारलं, उठायचं का हो? ते काय बोलणार.

तिथून अय्यांकडं गेले. गुरप्पा अय्या आमचे जंगम. यांनीच मालकांना माती दिली होती. आता थकलेत, पण जीभ तशीच आहे.

म्हटलं, "अय्या, एकदा बसवलेल्याला उठवता येतं का?"

"येतं की. पूजा करून दुसरीकडं बसवायचं. अगं गौरम्मा, लिंगैक्य झालेला मानूस तितं कुटं असतो? तो शिवात मिळाला. तितं माती हाय नुसती."

"माती हाय तर मी एवढी वर्षं बोलले कुनाशी?"

"ते मला नगं इचारू. मी काय त्यांची बायकू न्हाय."

मी हसले, आणि मग तिथंच रडले. अय्यांनी पाण्याचा तांब्या पुढं सारला. त्यांना ठाऊक आहे. मालक गेले तेव्हा मी वैरागला होते, थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला. तिला रात्रीच मुलगी झालेली, नाळही सुकली नव्हती, आणि सकाळी निरोप आला. एसटी वाटेतच बंद पडली. दुसऱ्या गाडीनं सोलापूर, मग अक्कलकोट, मग कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर. पोचले तेव्हा ओटा ओला होता आणि माणसं हात धुऊन परतत होती. चूक कुणाचीच नव्हती. उन्हाळ्याचे दिवस, थांबवणार तरी किती. पण मी त्यांचं तोंड बघितलं नाही. सगळ्यांनी माती दिली, परक्यांनीसुद्धा दिली, माझी मूठ तेवढी राहिली. हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलून काय होणार होतं.

अय्यांकडं बसल्या बसल्या एकदम मनात आलं, ते उठले तर परत बसवतीलच की. आणि या वेळी मी गावातच आहे.

घरी येऊन बसूला सांगितलं, "खुंटी हाय तितंच राहू दे. आप्पांना उठवू. पन एक अट. पैल्यापासून शेवटापर्यंत मी तितं पायजे. मी आल्याबिगर कुदळ पडायची न्हाय."

बसू पोरासारखा माझ्या मांडीत तोंड घालून रडला. त्याचे केस आता माझ्यापेक्षा पांढरे आहेत. धनलक्ष्मी म्हणाली, "अत्ती, होळगी करू का?" मी म्हटलं, कर. आणि यात काय मागायचं असेल तर आधी मागून घे.

रात्री मोरांची चादर घेतली. उकडतंय, पण घेतली.

१५ एप्रिल, मंगळवार

काल शालनच्या गल्लीत जयंती झाली, मला पुढच्या खुर्चीत बसवलं, खीर दिली. आज सगळे मिळून नवी जागा बघायला गेलो. सुमित म्हणाला, "आजी, तुम्ही दाखवाल ती." मी त्याच माळाच्या उताराला, आमच्याच बांधावरची चिंचेखालची जागा दाखवली. वारं तिथं बेताचं. मालकांना वाऱ्यानं कान दुखायचे, टॉवेल गुंडाळून झोपायचे. सोळा वर्षं माळाच्या टोकावर बसवलं बिचाऱ्यांना, कुणालाच आठवलं नाही. मलाही नाही.

मैंदर्गीच्या त्या बायांना काय सांगायचं, हा प्रश्न आहे. गोजाबाई म्हणते, काही सांगायचं नाही, पंख्यालाच हार घालतील.

२१ एप्रिल, सोमवार

सगळं झालं. लिहून ठेवते, नाहीतर माझंच मला खरं वाटणार नाही.

सकाळी अंघोळ करून, इरकल नेसून गेले. म्हटलं होतं घरचीच माणसं, पण सगळं गाव आलं होतं. शालनच्या गल्लीतलीही सगळी. खड्डा काढायचं ते पिवळं मोठं यंत्र लांब बांधाशी उभं होतं. पण ओट्याला त्यानं हात लावायचा नाही, हे सुमितनंच सांगून ठेवलं होतं. बसूनं आणि संस्थेच्या माणसांनी हातानं खणलं. अय्या मंत्र म्हणत होते. चारी बाजूंनी पांढरं धोतर धरलं होतं, मला आत घेतलं. बाकी कुणी आत नाही.

होतं ते फार थोडं होतं. अय्यांनी ते पांढऱ्या कापडात घेतलं. मला भीती वाटेल असं वाटलं होतं, नाही वाटली. मग अय्यांनी मातीतून मालकांच्या गळ्यातलं लिंग वेचून काढलं, पाण्यानं धुतलं. तसंच काळं तुळतुळीत. हे लिंग तळहातावर घेऊन रोज सकाळी डोळे मिटून बसायचे, आणि मी मधेच विचारायची, चहा आता देऊ का मग. दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नसतो. मी लावला नाही. नुसतं बघितलं. तोंड बघायचं राहिलं होतं, त्या जागी हे बघितलं.

चिंचेखाली नवी जागा करून ठेवली होती. विभूती, बेल, फुलं. अय्यांनी त्यांना बसवलं, हातात लिंग ठेवलं. मग म्हणाले, "गौरम्मा, पैली माती तुझी."

मी मूठ भरून घेतली. काळी, जरा ओलसर. आणि माझ्यानं ती सोडवेना.

अय्या थांबले. बसू थांबला. मागं यंत्राचा घर्रर्र आवाज चालू होता. सुमितनं हात वर केला, ड्रायव्हरनं ते बंद केलं. एवढी माणसं माळावर, पण कुणी खोकलंही नाही. शालन उन्हात उभी होती, गोजाबाईची सून पोट धरून उभी होती. यंत्र सोलापूरहून भाड्यानं आणलेलं, त्याला उशीर झालेला चालत नाही म्हणे. सुमितनं फोन काढला, हळूच कुणाला तरी "थांबा" म्हणाला आणि फोन खिशात ठेवला. कुणी मला आवरा म्हटलं नाही. कुणी खांद्याला हात लावला नाही. सगळं गाव माझ्या एका मुठीसाठी थांबलं.

मला जे सांगायचं होतं ते मी त्यांना सांगितलं. मनातल्या मनात, अगदी पहिल्यापासून. ते इथं लिहीत नाही.

मग मूठ सोडली.